इमारत सातचा बसायचा कट्टा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता (रचना व सुशोभीकरण),
वसाहत देखभाल कार्यालय,
दुसरा मजला, बंद लिफ्टच्या समोर.

विषय : इमारत क्र. ७ च्या प्रवेशमार्गातील कट्ट्यावर (बसायच्या) बसवलेला पत्र्याचा उतार शुक्रवार, दि. २७ फेब्रुवारीपूर्वी काढण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ६ जानेवारीचा अर्ज.
२) सुरक्षा विभागाचा दि. २७ जानेवारीचा पंचनामा.
३) आपले दि. ९ फेब्रुवारीचे पत्र.
४) परवा, दि. १८ रोजी दुपारी चार वाजता ठेवलेली आणि न झालेली सुनावणी.

महोदय,

१. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून इमारत क्र. ७ मध्ये पहिल्या मजल्यावर मुलगा व सून यांच्यासह राहते. चौतीस वर्षे लहान मुलांना वाचन आणि गणित शिकवले. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही, म्हणून गेली सहा वर्षे वसाहतीतल्या मुलांना संध्याकाळी पाच ते साडेसहा शिकवते. सध्या नऊ मुले येतात. या वर्गाला फी नाही, पाटी नाही आणि आपल्या दप्तरात त्याची नोंदही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्याबद्दल वेगळे पत्र यायला नको.

२. हा वर्ग आमच्या इमारतीत शिरताना डाव्या हाताला लागणाऱ्या कट्ट्यावर भरत असे. कट्टा चार मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद आणि अडतीस सेंटिमीटर उंच. मापे मुलांनी घेतली आहेत, तीन वेळा, कारण पहिल्या दोन वेळा पट्टी उलटी धरली होती. कट्टा ज्यांनी बांधला ते मिस्त्री आता थकले आहेत, पण याच वसाहतीत राहतात. मी त्यांना विचारले, तेव्हा म्हणाले, "विटा उरल्या होत्या बाई, आणि माझ्या माणसांना डबा खायला बसायला जागा नव्हती. घातला कट्टा." इतकेच. ना बैठक, ना सल्लागार. तरीही अख्ख्या इमारतीत हीच एक गोष्ट अशी निघाली की जिच्याबद्दल वीस वर्षांत कोणी तक्रार केली नाही. लोक पिशव्या टेकवत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिना चढण्याआधी दम घेत. चौथ्या मजल्यावरचे नवरा-बायको भांडत घरात, पण समेट करायला खाली कट्ट्यावर येत. घरात समोरासमोर दोन खुर्च्या आहेत, त्यावर बसले की परत तोंडाला तोंड लागते असे त्यांचे म्हणणे.

३. हे शेवटचे वाक्य कृपया दुसऱ्यांदा वाचावे, कारण या अर्जाचे मूळ त्यातच आहे. माझ्या वर्गात इमारत पाचमधल्या शिंप्यांची मुलगी येते. वय आठ. मुलांनी तिचे नाव पुटपुट ठेवले आहे. शाळेत बाकाजवळ उभे करून "वाच" म्हटले की तिचे ओठ हलतात आणि आवाज बाहेर येत नाही. अक्षरे येतात, अर्थ कळतो, फक्त समोर कोणी तोंडाकडे बघत असले की गळा बंद. नावाबद्दल मी मुलांना रागावले, तर तीच मला घरी जाताना हळूच म्हणाली, "असू दे बाई. काहीतरी ऐकू येतं म्हणून तर ठेवलंय ना."

कट्ट्यावर सगळे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, एकाच दिशेला तोंड करून बसतात. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. बघायचे असेल तर मुद्दाम मान वळवावी लागते, आणि तेवढी मेहनत मुले कोणासाठी घेत नाहीत. गेल्या नोव्हेंबरात पुटपुटने समोरच्या भिंतीवरच्या विजेच्या मीटरचे आकडे मोठ्याने वाचले. मी भिंतीकडेच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मीटरखालची 'हात लावू नये' ही सूचना वाचली. डिसेंबरात ती दोन-दोन पाने वाचू लागली, आणि वाचताना शेजारच्याला कोपर मारून "इथे हस ना, विनोद आहे" असे बजावू लागली. दि. २७ फेब्रुवारीस तिच्या शाळेत तोंडी वाचनाची परीक्षा आहे. तिच्या वर्गशिक्षिका चांगल्या आहेत. त्यांनी तिला एका बाजूला, खिडकीकडे तोंड करून वाचू द्यायचे कबूल केले आहे. पण वाचले नाही, तर शाळा तिला पुन्हा त्याच इयत्तेत बसवणार. म्हणजे शाळा तिला एकाच जागी बसवून ठेवणार आणि आपण तिला कुठेच बसू देत नाही, अशी ही सध्याची अवस्था आहे.

४. दि. ५ जानेवारीस आपल्या ठेकेदाराच्या दोन माणसांनी कट्ट्यावर लोखंडी चौकट ठेवली, तिच्यावर चकचकीत पत्रा तिरका बसवला, आठ बोल्ट आवळले आणि 'सुशोभीकरण पूर्ण' असा फलक लावून ते निघून गेले. पत्र्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा सतरा सेंटिमीटर उंच आहे. मुलांनी कोनमापकाने कोन मोजला, तो तेवीस अंश भरला. आपल्या पत्रात त्यास 'सौम्य उतार' म्हटले आहे. पहिल्या दिवशी मुलांनी त्याची घसरगुंडी केली, दुसऱ्या दिवशी दोघांच्या चड्ड्या फाटल्या, तिसऱ्या दिवशी इमारतीतले मांजर त्यावर बसायला गेले, खाली आले, आणि आपल्या खात्याबद्दल जे मत व्हायचे ते त्याचे झाले.

५. त्यावर मी दि. ६ जानेवारीस अर्ज केला. त्यात माझी चूक झाली हे मी मान्य करते. चौतीस वर्षे मुलांना सांगत आले की लिहून झाल्यावर एकदा परक्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा, आणि स्वतः वाचले नाही. मी लिहिले होते :

"इमारत सातच्या मुलांकडे गेली सहा वर्षे एक कट्टा होता. मुले तो रोज स्वतः झाडत. आपल्या माणसांनी तो निकामी केला आहे. मुलांना तो दररोज संध्याकाळी पाच वाजता लागतो. तरी तो कृपया परत मिळावा."

हे आपल्या कार्यालयात कोणीतरी वाचले, गावठी कट्टा समजले आणि, त्यांचेही चुकले नाही, अर्ज सुरक्षा विभागाकडे वर्ग केला. दि. २७ जानेवारीस त्या विभागाचे तीन जवान धातुशोधक यंत्र घेऊन आले. प्रमुख जवान सभ्य होते. त्यांनी मुलांना ओळीत उभे करून विचारपूस केली. ती मी शेजारी उभी राहून ऐकली. मध्ये दोनदा तोंड उघडले, दोन्ही वेळा "आजी, तुमची पाळी नंतर" असे ऐकावे लागले. पंचनाम्यात ही विचारपूस संक्षिप्त आहे, म्हणून इथे पूर्ण देते.

"किती कट्टे होते तुमच्याकडे?"
"एकच. पण लांब होता."
"किती लांब?"
"चार मीटर."
(इथे जवानांनी एकमेकांकडे पाहिले.)
"वापरायचं कोण?"
"सगळेच. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पण."
"आजी? कशाला?"
"दम लागला की."
"भरलेला असायचा का?"
"पाच वाजता फुल्ल."
"आणि हे झाडायचं काय प्रकरण?"
"आधी मी झाडायचो, मग ही झाडायची. बाई म्हणायच्या, कोपऱ्यात नीट झाडा, तिथेच जास्त असतात."
"कोण असतात?"
"मुंग्या."

यानंतर माझ्या घरातले पिठाचे डबे उघडण्यात आले. सूनबाईंची कार्यालयीन बैठक पडद्यावर चालू होती, ती त्यांच्या वरिष्ठांनी पूर्ण झडतीसह पाहिली. शेवटी प्रमुख जवान पत्र्याजवळ आले, मुलांनी बोट दाखवले, आणि यंत्र जोरात वाजू लागले. साहजिक आहे. पत्राच तो. ते खाली वाकले, पत्र्याखाली विटांचा कट्टा पाहिला, मग टोपी काढून म्हणाले, "आजी, माझ्या मुलालाही गुणाकार येत नाही हो. पाठवू का?" तो आता येतो. नऊ मुलांतला नववा तोच.

६. आपल्या दि. ९ फेब्रुवारीच्या पत्रात तीन मुद्दे आहेत. पत्रावर मी लाल शाईने काही खुणा केल्या आहेत, राग नसावा, हात आपोआप जातो.

पहिला मुद्दा : पंचनाम्यात कट्टा आढळला नाही, सबब प्रकरण निकाली. याचे स्पष्टीकरण वर आले.

दुसरा मुद्दा : बसावयाचा कट्टा अभिप्रेत असल्यास तो मंजूर नकाशात दिसून येत नाही. जे नकाशात नाही ते अस्तित्वात नव्हते, आणि जे अस्तित्वात नव्हते ते झाकले गेले असे म्हणता येत नाही. महोदय, युक्तिवाद म्हणून हा मला आवडला. वर्गात असा एक तरी मुलगा असतो, ज्याची गृहपाठाची वही मुळात नव्हतीच, त्यामुळे ती हरवलेली नसते. पण मग उतार कशावर बसवला आहे? तो आपल्या नकाशात आहे, मी पाहिला. त्याच्या खाली आपण नुसती हवा दाखवली आहे. आठ बोल्ट हवेत आवळणारी माणसे आपल्याकडे असतील, तर त्यांना पत्र्याच्या कामावर ठेवणे बरोबर नाही.

तिसरा मुद्दा : उताराचा हेतू 'अनिष्ट बैठकीस प्रतिबंध' हा आहे. अनिष्ट म्हणजे काय, असे मुलांनी विचारले. मी अर्थ सांगितला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, कारण आता त्या तिथेच बसतात आणि येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जातात. त्या म्हणाल्या, "एवढं आयुष्य गेलं, सासूनंसुद्धा असं तोंडावर म्हटलं नव्हतं."

७. पर्याय वापरून पाहावेत, असे आपण सुचवले आहे. ते पाहिले.

घरी : आमच्या बाहेरच्या खोलीचे दार आत उघडते आणि उघडले की निम्मी खोली घेते. उरलेल्या निम्म्यात सूनबाईंचे टेबल. त्या स्वभावाने गरीब आहेत, दोन दिवस सहन करून म्हणाल्या, "आई, जरा हळू आवाजात सातचा पाढा होईल का? माझ्या साहेबांचापण पाठ झाला." आणि खोलीत मुले गोल करूनच बसतात, दुसरे काही जमत नाही. पुटपुट गोलात बसली आणि ओठ हलवत राहिली.

जिन्यात : तिथला दिवा वीज वाचवण्यासाठी तीस सेकंदांनी जातो. एका मुलाला सतत उड्या मारायला ठेवावे लागते, म्हणजे दिव्याला माणूस दिसतो. त्या मुलाचे शिक्षण होत नाही.

बहुउद्देशीय सभागृहात : किल्ली मिळवायला चार दिवस लागले. आत साठ खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून जमिनीला पक्क्या बसवल्या आहेत. बसले की मुलांचे पाय लोंबकळतात आणि पाय लोंबकळले की मूल ते हलवते, हा निसर्गनियम आहे. माझा आवाज मागच्या भिंतीवरून परत येतो, तो माझ्यापेक्षा अर्धा सेकंद उशिरा आणि जास्त चिडका. वाचणाऱ्याने व्यासपीठावर जायचे, अशीच त्या जागेची मागणी. पुटपुट पायऱ्या चढली, साठ खुर्च्यांकडे पाहिले, त्यातल्या बावन्न रिकाम्या होत्या तरी, आणि खाली उतरून माझा पदर धरून उभी राहिली. ५ जानेवारीपासून तिने मोठ्याने एक शब्दही वाचलेला नव्हता.

८. माझा आपल्यावर राग नाही. मुलांना मी हेच सांगते की वस्तू बोलतात. दाराला मूठ लावली की दार 'ओढ' म्हणते. अडतीस सेंटिमीटरवर सपाट जागा ठेवली की ती 'बस' म्हणते, तिरकी केली की 'चालता हो' म्हणते. आपण अभियंते लोक दिवसभर कागदावर रेघा मारता आणि पुढची पन्नास वर्षे त्या रेघा आमच्याशी बोलत राहतात, आपण घरी गेल्यावरही. मुलांना हा खेळ फार आवडला आणि आठवडाभर ती वसाहतभर वस्तूंचे बोलणे ऐकत हिंडली. बागेतल्या नव्या बाकाला मध्ये दोन लोखंडी दांडे आहेत, तो 'एकेकटे या' म्हणतो. लिफ्टची बटणे 'मोठ्या माणसाला घेऊन ये' म्हणतात. पुटपुटने वहीत लिहून दाखवले की पत्रा 'श्श्, गप्प' म्हणतो.

९. परवा चार वाजता सुनावणीसाठी मी आपल्याकडे आले. मुलांना शाळेतून परस्पर घेऊन आले, कारण मापे त्यांची आहेत. शिपायांनी सांगितले, "साहेब साइटवर आहेत, बसा." तर आम्ही बसलो. आपल्या दालनाबाहेर भिंतीलगत एक लांब, जुना, सपाट बाक आहे. मुलांनी ताबडतोब मोजला, उंची चाळीस सेंटिमीटर, लांबी साडेचार मीटर, कोन शून्य अंश. आपल्या दालनाच्या दारालाही मूठ आहे, पण ते ढकलावे लागते, असेही निरीक्षण झाले. दीड तासात अकरा जणांपैकी नऊ जणांनी ते ओढले. शेवटून दुसरे, सव्वापाच वाजता साइटवरून परत आलेले, आपण होता. आत गेल्यावर आपण पुन्हा बाहेर आला नाहीत.

पण मला सांगायचे आहे ते पाच वाजताचे. बाकासमोरच्या भिंतीवर 'नागरिकांची सनद' असा मोठा फलक आहे. आम्ही दहाजण एका ओळीत, फलकाकडे तोंड करून बसलो होतो. कंटाळा आला होता. आणि माझ्या डाव्या बाजूने आवाज आला, "ना-ग-रि-कां-ची स-न-द." मी मान वळवली नाही. जवानांचा मुलगा वळवणार होता, त्याच्या मांडीवर हात ठेवला. ती पुढे वाचत गेली. "बांधकामविषयक तक्रार, सात कामकाजाचे दिवस." "नकाशाची प्रत, तीन दिवस." 'सौजन्याने' या शब्दाशी अडली, तोडून वाचला, जोडून वाचला, आणि पुढच्या ओळीवर गेली. पूर्ण फलक, एकवीस ओळी, खालच्या छापखान्याच्या पत्त्यासकट. शिपाई हातात फायली घेऊन तिथेच थांबले होते. ते म्हणाले, "अठरा वर्षं इथे आहे बाई, हे कोणी मोठ्यानं वाचलेलं पहिल्यांदा ऐकतोय. आम्हाला वाटायचं, नुसतं शोभेला आहे."

चव्वेचाळीस दिवसांनी तिचा आवाज आला, आणि तो आपल्या बाकावर आला. याबद्दल मी आपल्या कार्यालयाची मनापासून ऋणी आहे.

१०. तरी आपणांस विनंती की :

(अ) इमारत सातच्या कट्ट्यावरचा पत्रा काढण्याची लेखी परवानगी द्यावी. मिस्त्री म्हणतात, खालचा कट्टा धडधाकट आहे, काम अर्ध्या तासाचे आहे. पाना आमच्याकडे आहे. आजपर्यंत तो कोणी हातात घेतलेला नाही, याची नोंद घ्यावी. परवानगीत 'बसायचा' हा शब्द आवर्जून लिहावा.

(आ) ती परवानगी मिळेपर्यंत, सोमवार दि. २३ पासून रोज पाच वाजता माझा वर्ग आपल्या दालनाबाहेरील बाकावर भरेल. सभागृहाप्रमाणे यासाठी किल्ली लागत नाही, हे शिपायांकडून खात्री करून घेतले आहे. मुले चपला एका ओळीत काढतील. पाढे सातपासून सुरू होतील. पुटपुट वाचत असताना आपण दालनातून बाहेर येणार असाल, तर कृपया तिच्याकडे न बघता जावे, किंवा वेळ असेल तर आमच्या ओळीत येऊन बसावे, जागा आहे. ती रोज आपल्याकडचा एक फलक वाचणार आहे, शुक्रवारपर्यंत पुरतील इतके आहेत. जाताना तिने मला दोन शब्दांचे अर्थ विचारले होते, 'तात्काळ' आणि 'कार्यवाही'. पहिला मी सांगितला. दुसऱ्यासाठी मी सहसा डोळ्यांसमोरचे उदाहरण देते, ते मला तिथे सापडले नाही. तिला सांगितले आहे की सोमवारी साहेब दाखवतील.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
इमारत क्र. ७, घर क्र. ३.
दि. २० फेब्रुवारी, शुक्रवार.

सोबत :
१) कट्टा, पत्रा, सभागृहातील खुर्ची व आपला बाक यांची मापे (मुलांच्या अक्षरात, खाडाखोडीसह).
२) आपले दि. ९ फेब्रुवारीचे पत्र, तपासून. दहापैकी चार. अक्षर चांगले आहे, लक्ष द्यावे.
३) सोमवारच्या वर्गाची हजेरी. दहावा रकाना कोरा ठेवला आहे.